पेंग्विनांची पांढरी

गेल्या महिन्यात याच कार्यक्रमात मी हिमनद्यांविषयी बोललो. त्यानंतर सांगलीहून एका श्रोत्यांचं पत्र आलं. अक्षर सुरेख, मजकूर मोजका आणि सूर जरा रागाचा. ते लिहितात, ‘‘हवामान काय आजच बदलतंय का? हिमयुगं आली आणि गेली. पेंग्विन तेव्हाही होते, आजही आहेत. मग तुम्ही लोक आम्हाला उगाच भीती का घालता?’’

आता मी काही मोठा शास्त्रज्ञ नव्हे. भूविज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला मास्तर आहे. पण प्रश्न रास्त आहे, आणि रास्त प्रश्नाला ‘तुम्हाला नाही कळायचं ते’ असं उत्तर देणं हा मास्तरकीतला सर्वांत मोठा गुन्हा. शिवाय पेंग्विनांच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर नुसत्या तर्कानं द्यावं लागत नाही. ते जमिनीत पुरलेलं आहे, खणून काढता येतं आणि गेल्या तीसेक वर्षांत ते बरंचसं खणून काढलंही आहे. म्हणून आज त्या खोदकामाविषयीच बोलायचं ठरवलं.

आधी एक खुलासा. पेंग्विन म्हटलं की मुंबईकर मुलांना राणीच्या बागेतले पेंग्विन आठवतात. ते हम्बोल्ट जातीचे. त्यांचं माहेर पेरू आणि चिलीचा किनारा, बर्फाशी त्यांचा संबंध नाही. पेंग्विनांच्या अठराएक जाती आहेत आणि त्यांतल्या थोड्याच अंटार्क्टिकाच्या बर्फात राहतात. आजच्या गोष्टीतली मुख्य पात्रं दोन. एक अ‍ॅडेली, चार-पाच किलोंचा, काळा कोट आणि पांढरा सदरा घातलेला, डोळ्याभोवती पांढरं वर्तुळ असणारा. द्यूमाँ द्यूर्व्हिल हा फ्रेंच दर्यावर्दी १८४० मध्ये तिथं पोहोचला, त्यानं एका भूभागाला आपल्या बायकोचं नाव दिलं, आणि तेच पुढं या पक्ष्यालाही चिकटलं. दुसरा एम्परर, म्हणजे सम्राट पेंग्विन, चाळीस किलोंपर्यंत भरणारा.

या दोघांच्या घरांतला फरक नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. सम्राट पेंग्विन घर बांधतच नाही. ऐन हिवाळ्यात किनाऱ्याला घट्ट चिकटलेल्या समुद्री बर्फावर मादी एक अंडं घालते, ते नराच्या पायांवर सोपवते आणि समुद्राची वाट धरते. नर दोन महिन्यांहून अधिक काळ उपाशीपोटी, वादळात उभा राहून ते उबवतो. हा बर्फ पिल्लांची मऊ लव गळून पाण्यात टिकणारी पिसं येईपर्यंत, म्हणजे साधारण डिसेंबरपर्यंत, टिकायला हवा. अ‍ॅडेलीला मात्र बर्फ घरात नको असतो. त्याला कोरडी, खडकाळ, उघडी जमीन लागते. तिथं तो लहान लहान खडे चोचीत धरून आणतो आणि त्यांचं आळं रचतो. बर्फ वितळून पाणी झालं तरी अंडी भिजू नयेत म्हणून ही सोय. खडे तिथं दुर्मीळ, त्यामुळे शेजाऱ्याचे खडे चोरणं हा तिथला राजमान्य उद्योग आहे! पण घरात बर्फ नको असला, तरी त्याला खायला लागतं ते क्रिल आणि मासे बर्फाळ समुद्रातच मिळतात. क्रिल म्हणजे आपल्याकडच्या जवळ्याचा थोरला भाऊ समजा.

म्हणजे अ‍ॅडेलीला वसाहतीसाठी तीन गोष्टी एकाच ठिकाणी लागतात. बर्फमुक्त जमीन, खडे, आणि चालत जाण्याच्या अंतरावर उघडं पाणी. यातली एक जरी नाहीशी झाली, तरी गाव उठतं.

‘गाव उठतं’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. विद्यार्थी असताना मी शिरूर तालुक्यातलं इनामगावचं उत्खनन पाहायला गेलो होतो. डेक्कन कॉलेजचे लोक घोड नदीकाठची पांढरी खणत होते. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची माती. शेकडो वर्षं माणसं एका जागी राहिली की राख, शेण, हाडं, पडक्या भिंती यांचा थर साचत जातो आणि शेजारच्या काळ्या रानापेक्षा ती जमीन वेगळी दिसू लागते. गाव उठलं तरी पांढरी राहते. तिच्यातलं हाड न् हाड सांगत असतं, लोक इथं कधी आले, काय खाल्लं, कधी गेले. पुढं अनेक वर्षांनी अंटार्क्टिकावरचे शोधनिबंध वाचताना मला सारखी तीच टेकडी आठवायची. कारण पेंग्विनांचीही पांढरी असते. फक्त ती पांढरी नसते, क्रिल खाऊन झालेल्या विष्ठेमुळं गुलाबी-तपकिरी असते.

एका वसाहतीत हजारो, कुठं कुठं लाखो पक्षी. दर उन्हाळ्यात तेच खडे, त्याच जागा. विष्ठा, पिसं, अंड्यांची टरफलं, न जगलेल्या पिल्लांची हाडं यांचा थर वर्षानुवर्षं साचतो. तिथली थंडी आणि कोरडेपणा इतका, की काहीच कुजत नाही. निसर्गाचं शीतगृहच ते. कार्लो बारोनी आणि ज्युझेप्पे ओरोम्बेल्ली या इटालियन भूशास्त्रज्ञांनी रॉस समुद्राच्या किनाऱ्यावर अशा ओसाड वसाहती शोधून त्यांचा काळ ठरवला आणि १९९४ मध्ये त्यावर निबंध लिहिला. आज जिथं एकही पेंग्विन नाही, अशा जागी त्यांना खड्यांचे ढीग आणि विष्ठेची माती सापडली. कधी काळी तिथं गजबज होती.

अशाच एका जागेची गोष्ट सांगतो. रॉस समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यावर केप इरिझार नावाचं एक टोक आहे. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या विल्मिंग्टन शाखेतले स्टीव्हन एम्सली हे पक्षिशास्त्रज्ञ जानेवारी २०१६ मध्ये तिथं गेले. या टोकावर पेंग्विनांची वसाहत असल्याची नोंद कॅप्टन स्कॉटच्या १९०१ ते १९०३ च्या काळापासून कुणीही केलेली नव्हती. पण जमिनीवर पाहतात तो खड्यांचे ढीग, ताज्या विष्ठेचे डाग, पिसं, हाडं आणि वाळलेली अख्खी पिल्लं. जणू मागच्याच हंगामात इथून सगळे उठून गेले असावेत. मग हे सगळं प्रयोगशाळेत गेलं, आणि कळलं की शेवटचे रहिवासी सुमारे ८०० वर्षांपूर्वी गेले होते. म्हणजे आपल्याकडं देवगिरीला यादवांचं राज्य होतं तेव्हा! आणि पहिली वस्ती तर सुमारे ५,००० वर्षांपूर्वीची. अधूनमधून खंड पडत निदान तीनदा तिथं वसाहत झाली होती. शेवटची उठल्यावर बर्फानं ते सगळं झाकून टाकलं, आणि अलीकडं तो बर्फ वितळू लागला तेव्हा आठशे वर्षांपूर्वीची पिल्लं जशीच्या तशी उघड्यावर आली.

इथं एक भानगड आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. अशा अवशेषांचं वय ठरवतात ते कार्बन-१४ च्या साहाय्यानं. जिवंत प्राणी अन्नातून हा किरणोत्सारी कार्बन घेत राहतो, मेला की घेणं थांबतं आणि साठलेला कार्बन ठरावीक गतीनं घटत जातो. उरला किती यावरून मृत्यूचा काळ कळतो. आता गंमत बघा. अंटार्क्टिकातला काल मेलेला पेंग्विन या पद्धतीनं तपासला, तर तो हजारएक वर्षांपूर्वी मेला असं उत्तर येतं! कारण काय, तर तिथल्या समुद्रात खोल तळातलं पाणी वर येतं. ते पाणी शतकानुशतकं हवेच्या संपर्कात नसतं, त्यामुळं त्यातला कार्बन-१४ आधीच घटलेला असतो. तेच क्रिलमध्ये, माशांत आणि अखेर पेंग्विनाच्या हाडांत उतरतं. म्हणजे पक्षी जन्मतःच म्हातारा. ही वजाबाकी करूनच सगळी वयं ठरवावी लागतात, आणि मी दिलेले आकडे तशी वजाबाकी केलेलेच आहेत. विज्ञानात चूक कुठं लपून बसते ते कळावं म्हणून मी हे उदाहरण वर्गात नेहमी द्यायचो.

तर या जुन्या वसाहतींनी काय सांगितलं? रॉस समुद्राच्या काठी अ‍ॅडेलींच्या खुणा ४५,००० वर्षांइतक्या मागं जातात. मग त्या बंद होतात. ते अखेरच्या हिमयुगाचे दिवस. साधारण २०,००० वर्षांपूर्वी जगभरातलं इतकं पाणी बर्फात अडकलं होतं, की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. रॉस समुद्राच्या मोठ्या भागात बर्फाचा थर थेट तळावर टेकलेला होता. जिथं समुद्रच उरला नाही, तिथं पेंग्विन कुठून असणार? बर्फ मागं सरल्यावर, सुमारे ८,००० वर्षांपूर्वी, ते परत आले. पण आले ते कायमचे नाही. कुठली वसाहत हजार वर्षं नांदली आणि उठली, कुठली पुन्हा वसली. साधारण चार ते तीन हजार वर्षांपूर्वीचा काळ मात्र भरभराटीचा. हवा त्यातल्या त्यात उबदार, किनाऱ्याचा बर्फ वेळेवर फुटणारा, आणि आज ओसाड असलेल्या जागांवरही वस्त्या. इटालियन अभ्यासकांनी त्याला पेंग्विनांचा सुकाळ म्हणावं अशा अर्थाचं नाव दिलं. योगायोग असा, की इकडं घोड नदीकाठी इनामगाव वसलं तेही याच सुमारास. तेही पुढं उठलंच. धवळीकर सरांनी त्याचं कारण कोरडं पडत गेलेलं हवामान असं मांडलं होतं.

मग थंडी वाढली, की किनाऱ्याला चिकटलेला बर्फ उन्हाळ्यातही फुटेनासा होतो. अ‍ॅडेली उडत नाही. घरट्यापासून पाण्यापर्यंत त्याला बर्फावरून चालत, नाहीतर पोटावर घसरत जावं लागतं. पिल्लाला भरवायला दोन-तीन दिवसांत परतायचं असेल तर किती चालणार? रस्ता लांबला की पिल्लं मरतात, पिल्लं मेली की काही वर्षांत गाव उठतं. केप इरिझारची शेवटची वसाहत उठली ती अशाच थंड होत जाणाऱ्या काळाच्या तोंडावर.

हे ऐकून आमचे सांगलीकर श्रोते म्हणतील, ‘‘मग झालं तर! ऊब वाढली की पेंग्विन सुखी.’’ पण इथंच घाई करून चालत नाही. ऊब वाढण्याचा अर्थ प्रत्येक किनाऱ्यावर वेगळा होतो. अंटार्क्टिकाचा जो भाग शेपटीसारखा दक्षिण अमेरिकेकडं गेला आहे, त्या द्वीपकल्पावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तापमान सुमारे ३ अंशांनी वाढलं. उबदार हवा जास्त बाष्प धरते, त्यामुळं तिथं उलट हिमवर्षाव वाढला. वसंतात अ‍ॅडेली घरट्यावर येतात तेव्हा जमीन बर्फाखालीच असते, आणि अंडी घातल्यावर तो वितळून पाणी साचतं. अमेरिकेच्या पामर तळाजवळ लिचफिल्ड नावाचं बेट आहे. तिथं १९७० च्या दशकात अ‍ॅडेलींच्या कित्येकशे जोड्या होत्या. २००७ मध्ये तिथं एकही उरली नाही. थंडीनं रस्ता बंद केला की गाव उठतं, आणि उबेनं घर भिजवलं तरी उठतंच.

सम्राट पेंग्विनांचं काय? त्यांना तर बर्फच हवा. मग हिमयुगात ते खुशीत असतील असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण जेन यंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजच्या पक्ष्यांच्या डीएनएवरून मागचा हिशेब मांडला, तेव्हा २०१५ मध्ये वेगळंच चित्र पुढं आलं. डीएनएवरून लोकसंख्या कशी कळते, हे थोडक्यात सांगतो. एखाद्या गावात सगळ्यांची आडनावं दोन-तीनच असली, तर आपण ओळखतो की हे गाव दोन-तीन घरांपासून वाढलं. तसंच हे. सम्राट पेंग्विनांमध्ये बहुधा तीनच ठिकाणची ‘घराणी’ हिमयुगातून वाचली, आणि त्यांतलं एक रॉस समुद्राकडचं. कारण बर्फ इतका दूरवर पसरला होता, की खाण्यासाठी उघडं पाणीच मिळेना. जिथं वाऱ्यानं किंवा प्रवाहानं बर्फाच्या झाकणात खिडकी राहिली होती, अशाच जागी ते तगले असावेत. अशा खिडकीला पोलिन्या म्हणतात, शब्द मूळचा रशियन. बर्फ ओसरू लागल्यावर, सुमारे १२,००० वर्षांपूर्वी, त्यांची संख्या वाढायला लागली.

पूर्व अंटार्क्टिकातल्या अ‍ॅडेलींचा असाच हिशेब मांडला, तेव्हा तर आकडा पाहून मी चष्मा पुसला. सुमारे १४,००० वर्षांपूर्वीपासून त्यांची संख्या १३५ पटींनी वाढल्याचं दिसलं. १३५ पट! हा आकडा उलटा वाचून पाहा. आज जिथं १३५ पक्षी दिसतात, तिथं हिमयुगात एक होता. ‘पेंग्विन तेव्हाही होते’ हे पत्रातलं वाक्य खोटं नाही. पण ते ‘दुर्गादेवीच्या दुष्काळातूनही माणसं वाचलीच की’ असं म्हणण्यासारखं आहे. वाचली, पण किती, आणि कुठल्या कुठल्या गावांत पुन्हा दिवा लागला नाही, हेही विचारायला हवं.

आता माझ्याच म्हणण्याला अडचणीचा ठरणारा एक पुरावा सांगतो. द्वीपकल्पाच्या टोकाजवळ आर्डली नावाचं एक चिमुकलं बेट आहे. तिथं जेंटू या तिसऱ्या जातीच्या पेंग्विनांच्या सुमारे पाच हजार जोड्या राहतात. बेटावर छोटी तळी आहेत. पावसाळ्यात गावाचं सांडपाणी जसं ओढ्याला मिळतं, तशी पेंग्विनांची विष्ठा वितळलेल्या बर्फाबरोबर तळ्यात वाहून जाते आणि गाळात थरावर थर बसतो. नळी उभी खुपसून गाळाचा अखंड दांडा काढायचा आणि थरांतलं फॉस्फरस, जस्त, तांबं, फ्लोरिन मोजायचं. विष्ठा जास्त तेव्हा ही मूलद्रव्यं जास्त, म्हणजे पक्षी जास्त. आपल्या लोणारच्या सरोवरातूनही असाच गाळाचा दांडा काढून मोसमी पावसाचा हजारो वर्षांचा इतिहास वाचला गेला आहे, पद्धत तीच. सुन लिगुआंग आणि सहकारी या चिनी संशोधकांनी २००० मध्ये आर्डलीच्या एका तळ्यातून ३,००० वर्षांची पेंग्विनांची खानेसुमारी मांडली आणि म्हटलं, साधारण २,३०० ते १,८०० वर्षांपूर्वी थंडी वाढली तेव्हा संख्या सर्वांत कमी झाली होती. हवामान बदललं आणि पेंग्विन घटले, सरळ हिशेब.

पण २०१७ मध्ये ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या स्टीव्हन रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी त्याच बेटावरच्या दुसऱ्या तळ्यातून ८,५०० वर्षांचा गाळ काढला, आणि त्यात वेगळाच गुन्हेगार सापडला. गाळात मधूनमधून ज्वालामुखीच्या राखेचे थर होते, आणि त्यांच्या वर विष्ठेचा अंशच नाहीसा झालेला. शेजारच्या डिसेप्शन बेटावरच्या ज्वालामुखीनं निदान तीनदा ही वसाहत जवळजवळ पुसून टाकली होती. हवामान आणि संख्या यांचं ठाम नातं या गाळात काही दिसलं नाही. प्रत्येक घटीमागं हवामानच असतं असं मी वर्गात बेधडक सांगितलं असेल, तर ते शब्द मागं घ्यायला हवेत. विज्ञानाची ही बाजू मला फार आवडते. त्याच बेटावरचा पुढचा दांडा आपल्याला खोडून काढू शकतो, हे मान्य करूनच कामाला लागायचं.

मात्र याच अभ्यासातला दुसरा आकडा फारसा कुणी सांगत नाही. राखेत गाडली गेलेली ती वसाहत पुन्हा नांदती व्हायला ४०० ते ८०० वर्षं लागली. संकट येऊन गेलं, हवा निवळली, समुद्रात खाणं होतं, तरीही एवढा काळ. विध्वंसाला एक हंगाम पुरतो आणि वसायला वीसेक पिढ्या जातात, त्याही माणसांच्या.

जमिनीतल्या पुराव्यांतला मला सर्वांत अस्वस्थ करणारा पुरावा अंड्याच्या टरफलातला आहे. एम्सली आणि विल्यम पॅटरसन यांनी सुमारे ३८,००० वर्षांची अ‍ॅडेलीची टरफलं गोळा करून त्यांतला नायट्रोजन तपासला. नायट्रोजनमध्ये हलका आणि जड असे दोन प्रकार असतात. अन्नसाखळीत जितकं वरचं भक्ष्य, तितकं जड नायट्रोजनचं प्रमाण जास्त. मासे खाणाऱ्या पक्ष्याच्या टरफलात ते जास्त, क्रिल खाणाऱ्याच्या टरफलात कमी. हिमयुग, सुकाळ, पुन्हा थंडी, एवढ्या सगळ्या उलथापालथीत या पक्ष्यांचा आहार प्रामुख्यानं माशांचा राहिला. आणि मग गेल्या २०० वर्षांत एकदम क्रिलकडं वळला. याचं कारण त्यांनी २००७ मध्ये असं सुचवलं, की या काळात माणसानं आधी फर सील आणि मग देवमासे बेसुमार मारले. दक्षिण महासागरात एकट्या विसाव्या शतकात वीस लाखांच्या आसपास देवमासे मारले गेले. ते जे क्रिल खात होते ते शिल्लक उरलं आणि पेंग्विनांनी ताट बदललं. यावर अभ्यासकांत वाद आहेत. पण ३८,००० वर्षांत जे हवामानानं केलं नाही, ते दोनशे वर्षांत व्हेलच्या तेलाच्या बाजारानं केलं असेल, हा विचार काही डोक्यातून जात नाही.

आता वर्तमानाकडं येतो. संकट आलं तर पेंग्विन दुसरीकडं जातात का? याची चाचणी निसर्गानंच घेतली. मार्च २००० मध्ये रॉस हिमफळीचा एक तुकडा सुटला. त्याचं नाव बी-१५ आणि क्षेत्रफळ सुमारे ११,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या जवळजवळ तिप्पट. त्याचे मोठे तुकडे रॉस बेटाजवळ येऊन काही वर्षं अडकून पडले आणि तिथला समुद्री बर्फ फुटेना. केप रॉइड्सला शॅकलटनच्या लाकडी झोपडीशेजारी अ‍ॅडेलींची जगातली सर्वांत दक्षिणेकडची वसाहत आहे. तिथल्या पक्ष्यांना पाण्यासाठी मैलोन् मैल चालावं लागलं. या बेटावरच्या हजारो पक्ष्यांना संशोधकांनी आधीपासून खुणेचे पट्टे बांधलेले होते, त्यामुळं कोण कुठं गेलं ते कळलं. एरवी वर्षाला एक टक्क्याहूनही कमी पक्षी वसाहत बदलायचे. हिमखंडाच्या वर्षांत हे प्रमाण साडेतीन टक्क्यांपर्यंत गेलं. म्हणजे जातात, पण बहुतेक जात नाहीत. जन्मगावाची ओढ त्यांनाही आहे. वाट पाहतात, एक हंगाम फुकट घालवतात, दुसरा घालवतात.

सम्राट पेंग्विनांची परीक्षा अलीकडं वरचेवर होते आहे. वेडेल समुद्राकाठच्या हॅली बे इथं जगातली दुसऱ्या क्रमांकाची वसाहत होती. २०१६ मध्ये तिथला बर्फ पिल्लांना पिसं येण्याआधीच फुटला आणि हजारो पिल्लं बुडाली. पुढची दोन वर्षंही तिथं जवळपास काहीच निपजलं नाही. मोठे पक्षी सगळे मेले नाहीत, पुष्कळसे शेजारच्या वसाहतीत गेले, उपग्रहाच्या चित्रांत ती वाढलेली दिसली. ही बातमी मला दिलासा देणारी वाटली होती. पण २०२२ मध्ये बेलिंग्सहाउझेन समुद्रात एकाच हंगामात पाचपैकी चार वसाहतींतली सगळी पिल्लं अशीच गेली. एक गाव उठलं तर शेजारच्या गावात जाता येतं. शेजारची तीन गावंही त्याच वर्षी उठली तर?

पत्रातल्या प्रश्नाचं माझं उत्तर याच जागी आहे. हिमयुग संपून अंटार्क्टिका उबदार व्हायला सात-आठ हजार वर्षं लागली. तेवढ्या काळात एक किनारा बंद झाला तर दुसरा उघडत गेला, आणि पिढ्यान् पिढ्या थोडं थोडं सरकत पेंग्विन तिथं पोहोचले. पण त्याआधी, हिमयुगात, पूर्व अंटार्क्टिकातल्या अ‍ॅडेलींची संख्या आजच्या शंभराव्या हिश्शाहूनही खाली होती. द्वीपकल्पावरचे ते ३ अंश मात्र एका माणसाच्या आयुष्यात चढले. सगळेच हरतील असंही नाही. जेंटूंची संख्या द्वीपकल्पावर वाढते आहे आणि ते दक्षिणेकडं सरकताहेत. अ‍ॅडेलीही २०१४ च्या मोजणीत सुमारे ३८ लाख जोड्या भरले, रॉस समुद्राकडं त्यांचं बरं चाललं होतं. तेव्हा सगळे पेंग्विन उद्या संपणार असं मी म्हणणार नाही, आणि ‘तेव्हा टिकले, आताही टिकतील’ यावर सहीही करणार नाही.

सांगलीच्या श्रोत्यांना मी पोस्टकार्डावर एवढंच कळवलं होतं, की सविस्तर उत्तर रेडिओवरून देतो. त्यांचं उलट पत्र आलं, ‘‘द्या, पण त्या केप इरिझारला आता पेंग्विन परत येतील का, तेवढं नक्की सांगा.’’ यायला हरकत नाही. जमीन उघडी पडली आहे, खडे तयार आहेत. अ‍ॅडेली जुन्या वसाहतीत परतले की पूर्वजांनी आणलेले खडेच उचलून नवं आळं रचतात, त्यांना त्यासाठी पुन्हा किनाऱ्यापर्यंत खेपा घालाव्या लागत नाहीत. एम्सली तिथं गेले त्या उन्हाळ्यात मात्र ढिगांवर कुणी नव्हतं. आठशे वर्षांपूर्वीची ती पिल्लं तेवढी होती, बर्फातून नुकतीच वर आलेली.